ब्युइकच्या पाठीचा पुठ्ठा

माझ्या दुकानाच्या उत्तरेकडच्या भिंतीवर पुठ्ठे टांगलेले असायचे. एका खिळ्याला एक, कधी दोन-तीन. नवं गिऱ्हाईक आलं की त्याला वाटायचं, म्हाताऱ्यानं रद्दी भिंतीला लावून ठेवलीय. रद्दी कसली, एकेक पुठ्ठा म्हणजे एकेका इंजिनाची पाठ होती.

इंजिनाच्या पाठीला गिअरबॉक्स लागतो, आणि तो कुठल्या भोकांनी लागावा हे आमच्या अमेरिकेत दोन कंपन्यांनी कधी एकमेकांना विचारून ठरवलं नाही. फोर्डची भोकं फोर्डला. डॉजच्या लहान इंजिनाची भोकं डॉजच्याच मोठ्या इंजिनाला चालत नाहीत. शेवरलेट आणि पाँटिअ‍ॅक एकाच घरातले, पण एकाचा गिअरबॉक्स दुसऱ्याला लावायला गेलात तर तोंडघशी पडाल. पाँटिअ‍ॅकच्या गिअरबॉक्सला माथ्यावर मधोमध खळगा असतो, शेवरलेटला नसतो. एवढं ज्याला दिसत नाही त्यानं पाना हातात धरू नये. फोर्डनं तर एकाच इंजिनाला आधी पाच बोल्ट दिले आणि चौसष्ट साली सहा केले. का केले ते त्यांना ठाऊक. माझी काही तक्रार नाही. हे सगळे एकमेकांशी समजुतीनं वागले असते तर मी जन्मभर काय खाल्लं असतं?

माझं काम दोघांच्या मध्ये बसणारी प्लेट करायचं. बोटभर जाड अ‍ॅल्युमिनियम, त्याच्या एका अंगाला इंजिनाची भोकं, दुसऱ्या अंगाला गिअरबॉक्सची. कुणाला वडिलांच्या गाडीचं इंजिन ठेवायचं असतं, पण त्याचा गिअरबॉक्स कधीच भंगारात गेलेला असतो. अशी माणसं माझ्याकडे यायची. नेब्रास्काच्या ह्या कोपऱ्यात, जिथं माणसांपेक्षा गुरं जास्त आणि गुरांपेक्षा वारा जास्त, तिथं हे काम करणारा मी एकटाच होतो. एमिल कुचेरा म्हटलं की लोक विचारायचे, प्लेटवाला ना?

माप घ्यायची आमची पद्धत साधी. इंजिन गिऱ्हाइकाच्या घरी, ते उचलून कोण आणणार? मग त्यानं घरीच पुठ्ठा इंजिनाच्या पाठीवर दाबून धरायचा आणि गोल डोक्याच्या हातोडीनं भोकाभोकावर हलकं ठोकायचं. कडेनं पुठ्ठा कापला जातो आणि भोकं जिथल्या तिथं उतरतात. पाठीवर दोन पोलादी खुंट्या असतात, त्यांच्यावर सगळी मदार, त्यांच्यातलं अंतर मोजून पुठ्ठ्यावर टिपायचं. आणि पुठ्ठा काढायच्या आधी, जी बाजू आपल्या तोंडाकडे आहे तिच्यावर पेन्सिलीनं लिहायचं, ‘माझ्याकडे’. हे लिहिणं सगळ्यात महत्त्वाचं. पाठीची भोकं डावी-उजवी सारखीच दिसतात, पण सारखी नसतात. एखादं भोक नखभर खाली असतं. पुठ्ठा पालथा घेतला की डावं उजवीकडे जातं आणि प्लेट वाया. ती उलटी करून बसवावी म्हटलं तर गिअरबॉक्सची भोकं उलटी होतात. नवशिके एकदा तरी हे करतात. मी केलं नव्हतं. अगदी शिकत होतो तेव्हाही नाही.

ड्वेन लिंडग्रेनचे पुठ्ठे मला पाहावेसुद्धा लागत नसत. हा माणूस धान्याच्या कोठारावर काम करून निवृत्त झालेला, काउंटीच्या पार दुसऱ्या टोकाला राहायचा. माझे केस काळे होते तेव्हापासूनचं गिऱ्हाईक. हातानं इतका स्वच्छ की त्याच्या पुठ्ठ्यावरची भोकं कंपासनं काढल्यासारखी यायची. इतरांचा पुठ्ठा आला की मी आधी पालथा करून बघायचो, ग्रीस कुठल्या बाजूला आहे, हातोडीचे वण कुठल्या बाजूला आहेत, म्हणजे ‘माझ्याकडे’ बरोबर लिहिलंय का ते कळतं. ड्वेनचा पुठ्ठा असा तपासणं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला चोर म्हणण्यासारखं होतं.

त्याची बायको आर्लीन गेली आणि तो दर शनिवारी यायला लागला. काम असो नसो. स्टोव्हच्या शेजारी एक तीन पायांचं स्टूल होतं, त्याच्यावर बसायचा. येताना बेकरीतून खसखशीचे कोलाचे, म्हणजे आमच्या चेक लोकांचे गोड पाव, आणायचा, माझ्या बायकोच्या, लिओनाच्या, हाताची सर त्यांना नव्हती आणि दोघांनाही ते ठाऊक होतं, तरी खायचो. बोलणं फार नसायचं. मी धातू कोरायचं मिलिंग मशीन चालवायचो, तो बघायचा. मधेच म्हणायचा, “सावकाश घे रे, अ‍ॅल्युमिनियम आहे, भाकरी नाही थापायची.” मी म्हणायचो, “तुला घाई असेल तर दात आहेत ना, कुरतड.” एवढ्यात दुपार व्हायची.

मोठ्या हायवेवर तो गाडी घालत नसे. आर्लीनला दवाखान्यात न्यायला त्या हायवेवरून इतक्या खेपा केल्या होत्या की ती गेल्यावर त्यानं तो रस्ताच टाकला. माझ्याकडे यायचा तोही कच्च्या रस्त्यानं, शेताच्या कडाकडांनी, धुळीनं माखून.

एका शरद ऋतूत तो ब्युइकचा पुठ्ठा घेऊन आला. छप्पन सालची ब्युइक, आर्लीनच्या माहेरची. इंजिन तेच ठेवायचं होतं, गिअरबॉक्स शेवरलेटचा लावायचा होता. त्या काळच्या ब्युइकची पाठ कुणाशीच जुळत नाही, तिच्या सख्ख्या भावंडांशीही नाही. मी म्हटलं, चांगलं काम आहे, करू. दोनेक महिने लागले, कारण तो दर शनिवारी बसलेला असायचा आणि मीही उगाच लांबवत होतो. खोटं कशाला सांगू, एरवी आठवडाभर त्या दुकानात माझ्याखेरीज आवाज करणारं दुसरं काहीच नव्हतं.

प्लेट झाली. रिवाजाप्रमाणे पुठ्ठा तिच्याच भोकाला तारेनं बांधला आणि त्याच्या हातात दिली. पुढच्या शनिवारी तो ती घेऊन परत आला.

“बसत नाही, एमिल,” तो म्हणाला. “डावीकडचं भोक अडतंय.”

मी पुठ्ठा सोडवला, ‘माझ्याकडे’ लिहिलेली बाजू वर घेतली आणि प्लेटवर ठेवला. इंजिनाची भोकं उलटी होती. डाव्याचं उजवीकडे. नवशिक्याची चूक, माझ्या हातची.

मी हसून साजरं केलं. म्हटलं, तू कोलाचे खायला घालतोस आणि माझं लक्ष जातं. तोही हसला, म्हणाला, घाई नाही, दुसरी कर. पण तो गेल्यावर मी दुकानाची कडी लावली आणि त्याच्याच स्टुलावर बसून राहिलो, कारण मला लाडी आठवला.

लाडिस्लाव माझा थोरला भाऊ. रेल्वेच्या कारखान्यात टर्नर होता, माझ्या दुप्पट कसबी. त्याचंही असंच सुरू झालं होतं. एक माप उलटं घेतलं. मग आणखी एक. लोक हसले, तोही हसला. दोन वर्षांनी त्याला लेथ कुठल्या बाजूला फिरतो ते आठवेना, आणि शेवटी मी भेटायला गेलो की तो मला ‘साहेब’ म्हणायचा. त्याला मूठमाती दिली त्या दिवशी मी माझ्या मुलीला, रोझानला, शब्द दिला होता. ती ओमाहाला राहते. लिओना गेल्यापासून तिचं एकच पालुपद होतं की बाबा, तिथं एकटे राहू नका. मी म्हटलं होतं, ज्या दिवशी माझा हात असा चुकायला लागेल, त्या दिवशी मी स्वतः फोन करीन. तोवर मला हा विषय नको. ती बिचारी शब्दाला जागली, पुन्हा बोलली नाही.

ड्वेनला हे काहीच माहीत नव्हतं. असल्या गोष्टी आम्ही बोलायचो नाही.

दुसरी प्लेट मी जीव मुठीत धरून केली. दर वेळी पुठ्ठा हातात घेतला की मोठ्यानं वाचायचो, ‘माझ्याकडे’, आणि मगच पुढे जायचो. ड्वेन स्टुलावरून म्हणायचा, “प्रार्थना म्हणतोयस का काय?” मी पुन्हा एकदा वाचायचो. थंडी पडली, बर्फ पडलं, तरी तो यायचा. प्लेट झाली, तारेनं पुठ्ठा बांधला, तो घेऊन गेला. पुढच्या शनिवारी परत.

“अडतंय,” तो म्हणाला. माझ्याकडे न बघता म्हणाला.

मी पुठ्ठा ठेवून पाहिला. पुन्हा उलटी.

तो हिवाळा कसा गेला ते सांगायला मला आवडत नाही. सकाळी उठलो की आधी बिछान्यातच स्वतःचं नाव घ्यायचो, लिओनाचं घ्यायचो, मग महिना कुठला, वार कुठला. बुटाच्या नाड्या बांधताना हात थांबायचा, की हे आपण नेहमी असंच बांधतो ना? स्टोव्ह बंद केलाय का बघायला अर्ध्या वाटेवरून परत यायचो आणि तो प्रत्येक वेळी बंद असायचा. त्यानं धीर यायच्याऐवजी आणखी घाबरायला व्हायचं, कारण बंद केल्याचं मला आठवत नसायचं. पण बंद केल्याचं आठवतं कुणाला? आता वाटतं. तेव्हा असा विचार करायला डोकं जागेवर लागतं, आणि माझं डोकं जागेवर नाही अशी माझी खात्री झाली होती. सगळ्यात वाईट हे की सांगायला कुणी नव्हतं. शनिवारी येणारा एक माणूस, आणि त्याच्यापासूनच हे लपवायचं.

तिसरी प्लेट केली. ती परत आली तेव्हा मी पुठ्ठा नीट ठेवून पाहिलासुद्धा नाही. उलटी आहे ते लांबूनच दिसलं. मी पुठ्ठा ड्वेनला परत दिला आणि प्लेट पहिल्या दोघींशेजारी मांडणीवर ठेवली. मी वाया गेलेल्या प्लेटवर ठशानं आकडा ठोकून ठेवतो, एक, दोन, तीन, तसा ठोकला. मग ड्वेनला सांगितलं की आता मी दुकान मोडतोय. वसंतात लिलाव.

त्याच्या हातातला कोलाचा तसाच राहिला.

“एवढ्यासाठी?” तो म्हणाला.

“एवढ्यासाठीच.”

“माझाच पुठ्ठा चुकला असेल, एमिल. पुठ्ठ्यावर कोण एवढं जातं?”

“तुझा पुठ्ठा कधी चुकत नाही. आणि माझी कीव करायची असेल तर दारातनं बाहेर हो.”

तो काहीतरी बोलणार होता. तोंड उघडलं, मिटलं, टोपी उचलली आणि गेला. मला वाटलं, दुखावला. पुढच्या शनिवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

मी रोझानला फोन केला. तिनं ऐकून घेतलं आणि रडली, मग लगेच कामाला लागली. ती तिच्या आईवर गेलीय. तिच्या तळघरात माझ्यासाठी खोली तयार झाली. घराला गिऱ्हाईक मिळालं, एक तरुण जोडपं, त्यांना दुकानाच्या जागी घोडे बांधायचे होते. सह्या झाल्या.

लिलावाच्या दिवशी आमच्याकडे जे होतं तेच झालं. चर्चच्या बायकांनी दारात टेबल मांडून अ‍ॅपल-पाय आणि कॉफी विकली, ट्रक कुंपणाला लागले, लिलाववाला घसा मोकळा करून शिडीवर चढला. आमच्या भागात रिवाज आहे, शेजाऱ्याच्या लिलावात काही ना काही घेऊन जायचं, गरज असो नसो. मोकळ्या हातानं परतणं बरं दिसत नाही. कुणी खिळ्यांचा डबा घेतला, कुणी वाकडी पक्कड. मिलिंग मशीन कॅन्ससच्या एका माणसानं घेतलं, त्याला ते कशाला हवं होतं देव जाणे. ते ट्रेलरवर चढवताना मी घराच्या मागं जाऊन उभा राहिलो. भिंतीवरचे पुठ्ठे कुणाला नको होते. ते जाळायला रोझाननं पिंपात घातले.

ड्वेन आला होता. मागं उभा होता, मान खाली. त्यानं तीन पायांचं स्टूल घेतलं आणि माझ्याशी न बोलता निघून गेला. मला बरं वाटलं, रिवाज पाळला म्हणून. आणि वाईटही वाटलं, की एवढ्या वर्षांनी ह्याला माझ्याशी बोलायला एक शब्द सुचू नये.

रोझान मला न्यायला दोन दिवसांनी येणार होती. रिकाम्या दुकानात मशीनच्या पायांचे चार डाग उरले होते आणि मांडणीवर त्या तीन प्लेट. लिलाववाल्यानं त्यांना हात लावला नव्हता, वाया माल म्हणून. त्यांच्याकडे बघत मी उभा राहिलो. जन्मात कुणाचं काम अर्धं सोडलं नव्हतं. वाटलं, मशीन नाही तर नाही, कानस तर आहे. प्लेट घेऊन थेट ड्वेनच्या इंजिनापाशी जावं, किती अडतंय ते डोळ्यांनी बघावं, आणि हातानं घासून भोक मोठं करून बसवून द्यावी. जमेल न जमेल. निदान त्या माणसाला तोंड दाखवता येईल.

ड्वेनच्या घरी मी इतक्या वर्षांत कधी गेलो नव्हतो. तोच यायचा. पिकअपमध्ये तिन्ही प्लेट आणि कानशी टाकल्या आणि त्याच्याच कच्च्या रस्त्यानं गेलो. घर स्वच्छ होतं, अंगणात आर्लीननं लावलेली गुलाबाची झुडपं पोत्यात गुंडाळलेली होती, अजून कुणी सोडली नव्हती. गाडीचा आवाज ऐकून तो गॅरेजच्या दारात आला. मला बघून त्याला आनंद व्हावा तसा झाला नाही. चेहराच उतरला.

म्हणाला, आज कशाला आलास, फोन करायचास. मी म्हटलं, प्लेट बसवून द्यायला आलोय. म्हणाला, राहू दे, इंजिनावर ताडपत्री आहे, आणि आत पसारा आहे, आणि आपण घरात कॉफी घेऊ. मी त्याला बाजूला सारून आत गेलो. मी असाच आहे, लिओनासुद्धा म्हणायची.

आत पसारा नव्हता. हत्यारं भिंतीवर ओळीनं लावलेली. ब्युइक लाकडी ठोकळ्यांवर उचललेली, निळी, आरशासारखी घासलेली. इंजिन साखळीनं बाहेर काढून स्टँडवर ठेवलेलं, त्याची पाठ दाराकडे. शेजारी फळीवर शेवरलेटचा गिअरबॉक्स, कपड्यात गुंडाळून. आणि त्या दोघांच्या समोर माझं तीन पायांचं स्टूल. खिडकीत तो ब्युइकचा पुठ्ठा.

मी एक आकड्याची प्लेट उचलली. ती आधी घेतली ती केवळ वर होती म्हणून. म्हटलं, खुंट्यांवर नुसती टेकवून बघू, किती अडते ते.

ती अडली नाही. दोन्ही खुंट्यांवर एकदम गेली, आणि शेवटच्या बोटभर अंतरात मला जोरही लावावा लागला नाही. पाठीला टेकल्याचा टक् असा आवाज आला. मी भोकांतून बघितलं. प्रत्येक भोकामागे इंजिनाचं भोक होतं, सरळ, मधोमध. डावीकडचंही.

मी तिला हात लावून उभा राहिलो. मग खिडकीतला पुठ्ठा घेतला आणि पालथा केला, जे मी त्याच्या पुठ्ठ्याला कधीच केलं नव्हतं. दोन्ही बाजूंना खोडलेलं होतं. एका बाजूला ‘माझ्याकडे’ खोडून दुसऱ्या बाजूला लिहिलं होतं, तिथलं खोडून पुन्हा पहिल्या बाजूला, आणि तेही खोडून परत दुसऱ्या. खोडरबरानं पुठ्ठ्याचं साल निघालं होतं.

“पहिलीच बसली होती,” ड्वेन माझ्या मागून म्हणाला.

“मग परत का आणलीस?”

तो गिअरबॉक्सवरचं फडकं नीट करत राहिला. 

“बसली म्हणून सांगितलं असतं,” तो म्हणाला, “तर पुढच्या शनिवारी कुठल्या तोंडानं आलो असतो?”

“तसाच यायचास. आधी येत नव्हतास का?”

“आधी गाडी बाकी होती, एमिल. ही शेवटची. ही झाली की माझ्याकडे काही नाही.”

माझ्या हातात कानस होती. ती मी त्याच्यावर उगारली नाही, एवढंच सांगतो. पण तोंडाला जे आलं ते बोललो. लाडीचं सांगितलं, जे कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सकाळी उठून स्वतःचं नाव घेतो ते सांगितलं. म्हटलं, तुझ्या शनिवारासाठी तू माझं डोकं पळवलंस. मी सबंध हिवाळा वेडा होण्याची वाट बघत बसलो होतो, आणि तू समोर बसून कोलाचे खात होतास. माझं दुकान गेलं, घर गेलं, मशीन कॅन्ससला गेलं, माझे पुठ्ठे जळाले. कुणाच्या एका खोडरबरापायी.

तो ऐकत होता. मग म्हणाला की सांगायला आलो होतो, तू दुकान मोडतो म्हणालास त्याच दिवशी सांगणार होतो, तू दाराबाहेर हो म्हणालास. मग रोज टोपी घालायचो आणि रोज काढून ठेवायचो. लिलावातही सांगायला आलो होतो. “म्हटलं, सांगितलं तर हा माझं तोंड बघणार नाही. न सांगता निदान तू मला दोस्त समजून जाशील.” त्यानं नाक पुसलं, मोठ्यानं, रुमालात.

मला त्याचा राग होता. अजून आहे. पण माझं डोकं जागेवर आहे हे मला त्या क्षणी कळलं होतं, आणि ते ज्याला सांगावं असा माणूस त्या अख्ख्या प्रदेशात तोच एक होता. मी आल्या पावली परत गेलो असतो तर कुठं गेलो असतो? चार डागांपाशी.

मी स्टुलावर बसलो. तो कॉफी घेऊन आला. कडू, थंड. आम्ही दोघं ब्युइकच्या पाठीकडे बघत राहिलो. प्लेट तिच्यावर बसलेली होती, चकचकीत, आणि मला वाटलं की माझ्या हातची ही सगळ्यात चांगली प्लेट आहे. आता गिअरबॉक्स उचलून लावायचा, बोल्ट आवळायचे, दुपारपर्यंत काम संपलं असतं. त्यानं गिअरबॉक्सवरचं फडकं काढलंसुद्धा. म्हणाला, लावूया. तुझ्या हातानंच होऊ दे.

मी उठलो, दोन्ही हातांनी धरून प्लेट खुंट्यांवरून ओढून काढली आणि फळीवर ठेवली.

“डावीकडचं भोक अडतंय,” मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग प्लेटकडे. त्याला कळायला वेळ लागला. त्यानं विचारलं ते एवढंच, की कानशीनं होणार नाही का?

“नाही होणार. मिलिंगच लागेल. ओमाहात कुणाकडे तरी असेल, मी गेल्यावर बघतो. पुठ्ठा घेऊन ये.”

“शनिवारी?”

“दुसऱ्या कुठल्या वारी तू आलायस कधी?”

ओमाहा इथून तीनशे मैल, सगळा मोठा हायवे. त्या हायवेवर हा माणूस चाक घालत नाही, हे त्याला माहीत होतं आणि मलाही. त्यानं पुठ्ठा उचलला, त्याच्यावरून अंगठा फिरवला, जिथं साल निघालं होतं तिथं.

“कच्च्या रस्त्यानं ओमाहा फार लांब पडेल, एमिल,” तो म्हणाला.

“मग लवकर निघ,” मी म्हणालो.